तायड्यांची इस्त्री

तायड्यांच्या घरात देवघर नव्हतं, पण इस्त्रीची जागा ठरलेली होती. हॉलमध्ये बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली टेबल, टेबलावर जुनी घोंगडी, घोंगडीवर पांढरी चादर आणि चादरीवर ती जड इस्त्री. येरवड्याच्या आमच्या सोसायटीत मी त्यांच्या समोरच्याच दारात राहते. त्यांचं दार उघडं असलं की ते टेबल थेट माझ्या स्वयंपाकाच्या ओट्यावरून दिसायचं.

मी शालन. जन्म कसबा पेठेतला, त्यामुळे नदीपलीकडचं सगळं पुणं मला आजही बाहेरगावच वाटतं. आयुष्यभर टेलिफोन खात्यात नोकरी केली. 'लोकांचं बोलणं जोडून देता देता हिचं स्वतःचं बोलायचं राहून गेलं होतं, ते निवृत्तीनंतर सुरू झालं,' असं आमचे हे म्हणायचे. हे आता नाहीत. बोलणं आहे.

तर भीमराव तायडे. अकोल्याकडचे. तरुणपणी पुण्यात आले तेव्हा त्यांच्याकडे एकच पॅन्ट होती आणि ती ते रोज रात्री गादीखाली घडी घालून ठेवायचे, म्हणजे सकाळी तिला इस्त्रीसारखी धार यायची. पुढे सरकारी छापखान्यात लागले, लग्न झालं, फ्लॅट झाला आणि गादीच्या जागी खरी इस्त्री आली. पण नियम तोच राहिला. शाळा असो, बँक असो, दवाखाना असो, परक्या दारात जायचं तर कडक इस्त्रीच्या कपड्यांत, केस विंचरून, पाठ ताठ ठेवून. मला एकदा म्हणाले होते, "ताई, साहेब आपल्या माणसाचे आधी कपडे पाहतो, मग कागद पाहतो, आणि मग तोंड उघडू देतो. निदान कपड्यांत तरी त्याला खोट सापडू देऊ नये." ज्यांना कधी कुणी दारातून मागे फिरवलेलं नाही त्यांना हे हास्यास्पद वाटेल. मला वाटलं नाही.

आता याची हद्द पाहा. एकदा भीमरावांच्या छातीत कळ आली. चेहरा पांढराफटक, घामाच्या धारा. तरीही या गृहस्थांनी शर्ट बदलला, भांग पाडला आणि मगच रिक्षात बसले. दवाखान्यात ते ताठ उभे आणि त्यांच्या बायको सुंदराबाई शेजारी रडून रडून अर्ध्या झालेल्या. तिथल्या डॉक्टरने सुंदराबाईंच्याच खांद्यावर हात ठेवून विचारलं, "बाई, तुम्हाला काय होतंय?" त्या वेळी भीमराव वाचले. हा किस्सा घरात पुढे कितीतरी दिवस हसून हसून सांगितला जायचा. नंतर एका हिवाळ्यात ते झोपेतच गेले. घरात मायलेकी दोघीच उरल्या.

शर्मिला त्यांची एकुलती एक लेक. पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या त्या काळात ती शिकली आणि खराडीच्या एका कंपनीत टेस्टर म्हणून लागली. मी विचारलं, "टेस्टर म्हणजे काय गं?"

"काकू, दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून काढायच्या."

"याचा पगार देतात? आमच्या कसब्यात लोक हे फुकट करतात."

ती खळखळून हसली. फार मोकळं हसायची पोरगी. सकाळी कंपनीची बस गेटपाशी यायची तेव्हा ही जिने धडाधड उतरायची, ओढणी एका खांद्यावर, डबा दुसऱ्यावर. आणि ड्रेसला कडक इस्त्री, हे सांगायला नकोच.

दोन हजार सहाच्या पावसाळ्यात चिकुनगुन्याची साथ आली. अर्धी सोसायटी भिंत धरून चालत होती. माझी बोटंसुद्धा इतकी आखडली होती की पोळपाट-लाटणं हातात धरवत नव्हतं. हळूहळू सगळे बरे झाले. शर्मिलाचा तापही उतरला. पण ती काही उठली नाही.

म्हणजे अगदीच उठली नाही असं नाही, आणि तिथेच सगळा घोळ होता. ती उठायची, ऑफिसला जायची, दोन दिवस बरी दिसायची आणि तिसऱ्या दिवशी अशी कोसळायची की पाण्याचा ग्लासही उचलवायचा नाही. आठ-आठ दिवस अंथरुणात. झोपून उठलं तरी झोप झाल्यासारखी वाटायची नाही. उजेड सोसायचा नाही. बोलता बोलता साधे शब्द सापडायचे नाहीत, 'ते हे... भाजी चिरायचं' म्हणायची आणि विळी हा शब्द आठवला नाही म्हणून रडायची. मग पुन्हा थोडी सावरायची, पुन्हा जायची, पुन्हा पडायची. दर वेळी सावरणं थोडं कमी आणि पडणं थोडं जास्त. काही वर्षांतच ती खोलीपुरती उरली.

त्या खोलीचं दार सुंदराबाई बंद ठेवायच्या. कुणी आलं आणि विचारलं की सांगायच्या, "नाईट शिफ्ट असते तिची. आताच झोपली." त्या काळी हे चालून जायचं. अर्धं पुणं अमेरिकेच्या घड्याळावर जगत होतं. अकोल्याहून नातेवाईक आले, विहारातल्या बाया आल्या, सगळ्यांना हेच उत्तर. नाईट शिफ्ट म्हटलं की लोकांच्या चेहऱ्यावर कौतुक यायचं. आजारी म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, काय झालंय? आणि त्या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. मला मात्र ते बंद दार बघून रोज संताप यायचा. कुणाचा, ते सांगता येत नाही. सुंदराबाईंचा तर नक्कीच नाही.

उत्तर शोधायला त्यांनी काय कमी डॉक्टर केले? एकाने थायरॉईड पाहिला, एकाने बी-बारा, एकाने मणका. रिपोर्ट सगळे नॉर्मल. एकाने मनाचा आजार ठरवून गोळ्या दिल्या. तिने त्या इमानेइतबारे घेतल्या, झोप जरा लागायला लागली, बाकी जैसे थे. एकाने गोड आवाजात सांगितलं की शरीराला आळसाची सवय लागली आहे, रोज थोडं थोडं चालणं वाढवा. शर्मिला आज्ञाधारक. ती सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारायला लागली. मी गॅलरीतून पाहायचे, तोंड घट्ट मिटून चालायची, थांबायची नाही. तो उन्हाळा मग ती पूर्ण अंथरुणातच होती. आणि सोसायटीतली तज्ज्ञमंडळी तर काय, कुणी म्हणे दृष्ट लागली, कुणी म्हणे लग्न करून द्या. एका गृहस्थांनी तर रोज कोमट पाण्यातून मध सुचवला. ते स्वतः मध घेऊन आडवेतिडवे सुटले होते.

पण मी जे समोरच्या ओट्यावरून पाहत होते ते वेगळंच होतं. डॉक्टरची तारीख ठरली की तायड्यांच्या घरी तयारी सुरू व्हायची. तीन-चार दिवस शर्मिलाला कुणी हलू द्यायचं नाही, शक्ती साठवायची. आदल्या दिवशी सुंदराबाई तिला पाटावर बसवून तिचे केस धुवायच्या. मग इस्त्री तापायची. ड्रेस, ओढणी, स्वतःची साडी, रुमालसुद्धा. आणि मग डॉक्टरसमोर जाऊन बसायची कोण, तर ताठ पाठीची, टापटीप, स्वच्छ बोलणारी, हसतमुख मुलगी. डॉक्टर म्हणायचे, "तब्येत तर छान दिसतेय की!" घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी ती पडायची, पण दुसऱ्या दिवशी बघायला डॉक्टर कुठे होता?

दोन हजार नऊच्या सुमारास तिला तिच्या दुखण्याचं नाव सापडलं. पडल्या पडल्या मोबाईलवर थोडं थोडं वाचायची. क्रॉनिक फटिग सिंड्रोम. मी म्हटलं, "म्हणजे काय?" ती म्हणाली, "जुनाट थकवा." मी म्हटलं, "एवढंच? हे तर मीही सांगितलं असतं." पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. जगात दुसरीकडेही माणसं अशीच पडून आहेत, त्यांचेही रिपोर्ट नॉर्मल आहेत, त्यांनाही लोक आळशी म्हणतात, हे कळून तिला सुटल्यासारखं झालं होतं.

मग त्या नावामागची भांडणं कळायला लागली. कुणी म्हणे विषाणूमुळे होतं, कुणी म्हणे शरीराची रोगाशी लढायची यंत्रणाच बिघडते, कुणी म्हणे श्रमाची भीती मनात बसते, म्हणून मनावर काम करा आणि चालायला लावा. त्याच वर्षी अमेरिकेत कुणाला तरी या रोग्यांच्या रक्तात एक विषाणू सापडला. शर्मिलाचा चेहरा त्या दिवशी उजळला होता. दोन वर्षांनी ते संशोधन मागे घेतलं, तपासणीत गडबड झाली होती म्हणे. ती भिंतीकडे तोंड करून निजली. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे दोघं भांडत होते, तिसरी अंथरुणात पडून होती आणि लाभ कुणाचाच नव्हता.

कंपनीने खरं तर पुष्कळ सांभाळून घेतलं होतं. तिची मॅनेजर रुपाली भली बाई होती. बिनपगारी रजा दिली, मग घरून थोडं थोडं काम दिलं. पडून लॅपटॉपवर शर्मिला ते करायची आणि तेवढ्या वेळात जुनी शर्मिला दिसायची. पण दोन हजार बाराच्या सुरुवातीला वरची माणसं बदलली आणि नवा नियम आला. कंपनीच्या पॅनेलवरच्या डॉक्टरांनी आजारी ठरवलं तर घरून काम चालू राहील. धडधाकट ठरवलं तर पूर्ण वेळ ऑफिसला यायचं, नाहीतर राजीनामा. रुपालीने फोनवर सांगितलं, "शर्मिला, माझ्या हातात आता काही नाही गं. डॉक्टर काय लिहितात त्यावर आहे सगळं."

नोकरी गेली असती तर मायलेकी काही उपाशी राहिल्या नसत्या, भीमरावांचं पेन्शन येत होतं. पण 'हिला काही झालेलं नाही' असा शिक्का बसला असता. आणि मग पुढचं सगळं आयुष्य ती आळशी म्हणून त्या बंद दाराआड पडून राहिली असती. हे तिलाही माहीत होतं, मलाही. सुंदराबाईंना तर सगळ्यांत जास्त.

तारीख बुधवारची मिळाली. तयारी नेहमीचीच, किंबहुना जास्तच. मीही बरोबर गेले. कॅम्पातला दवाखाना, पॉलिश केलेल्या खुर्च्या, काउंटरवर एक चटपटीत मुलगी. शर्मिला आकाशी ड्रेसमध्ये ताठ बसून होती. पुष्कळ वेळ गेल्यावर काउंटरवरची म्हणाली, डॉक्टर मोघे दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये अडकलेत, आज येणार नाहीत. उद्या याच वेळेला या, नाहीतर थेट पुढच्या महिन्यात. पुढच्या महिन्यापर्यंत कंपनी थांबणार नव्हती. "उद्या येतो," शर्मिला म्हणाली, आणि वर 'थँक यू' म्हणाली. हे तायड्यांचं वळण. मी असते तर वेगळं काही म्हणाले असते.

घरी आल्यावर दोन जिने ती आपली आपण चढली. संध्याकाळी बसून चहासुद्धा घेतला. सुंदराबाई मला म्हणाल्या, "आज बरी आहे हो पोरगी." मला बरं वाटलं, म्हटलं उद्याचा दिवस निभेल.

सकाळी त्यांनी माझ्या दाराची कडी वाजवली. हातात इस्त्री, वायर जमिनीवर लोंबतेय.

"शालनताई, लाइन गेली."

गुरुवार होता. पुण्यात गुरुवार हा दुरुस्तीचा वार, कधी पाणी बंद, कधी वीज. मी म्हटलं, "अहो, माझ्याकडे तरी कुठून येणार? अख्ख्या येरवड्याची गेलीय." तेव्हा माझं त्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. प्रश्न नुसत्या इस्त्रीचा नव्हता.

शर्मिला आतल्या खोलीत पडली होती. रात्री अंगावर होता तोच ड्रेस, चुरगळलेला. ओठ सुकलेले, डोळ्यांवर ओढणीची पट्टी. मी हाक मारली तर ओढणी जरा वर केली, पण मान काही वळवली नाही. बोलली तेही इतकं हळू की मला वाकून ऐकावं लागलं.

"काकू... आज जायचंय."

सुंदराबाई दारातून म्हणाल्या, "अशी कशी जाशील? कोपऱ्यावरच्या कोळशाच्या इस्त्रीवाल्याकडून ड्रेस आणते मी. तोवर केस तरी विंचरू दे. नाईतर फोन करू, दुसरी तारीख मागू. अशा अवतारात कायले जायचं लोकायपुढं?" तीस वर्षं पुण्यात काढून त्यांची भाषा आमच्यासारखी झाली होती, पण घाबरल्या की वऱ्हाडी परत यायची.

"नको, आई." ती थांबली. श्वास घेतला. "आम्ही कंपनीत क्लायंटला डेमो देतो ना... आधी सगळं पॉलिश करून ठेवतो. जे बिघडलंय ते दिसूच देत नाही." पुन्हा थांबली. "इतकी वर्षं आपण डॉक्टरांना डेमो देतोय गं."

टेस्टरचं डोकं ते. अंगात उठून बसायचं त्राण नव्हतं, पण चूक बरोबर पकडली होती.

सुंदराबाईंना डेमो म्हणजे काय ते कळलं की नाही कोण जाणे. त्या चिडल्याच. "तुझ्या बापानं जन्मभर सांगितलं, कुणाच्या दारात मळक्या कपड्यानं जाऊ नये म्हून. लोकं म्हणतील, ही पाह्य, तायड्याची पोरगी..."

"आई," शर्मिला म्हणाली, "बाबांची कळ डॉक्टरला दिसली होती का? त्यांनी तुलाच विचारलं होतं ना, तुम्हाला काय होतंय म्हणून?"

ज्या किश्श्यावर ते घर इतकी वर्षं हसत आलं होतं, त्यावर आज कुणी हसलं नाही. सुंदराबाई इस्त्री हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. नवऱ्याचं एवढं एकच मागे उरलेलं त्यांनी कटाक्षाने सांभाळलं होतं, आणि लेक ते बाजूला ठेवायला सांगत होती. मला त्यांच्याकडे बघवेना. शेवटी त्यांनी वायर इस्त्रीभोवती गुंडाळली, इस्त्री टेबलावर उभी ठेवली आणि म्हणाल्या, "चला मंग. रिक्षा बोलवा, ताई."

नाक्यावरच्या बजरंगला बोलावलं. एरवी हा मनुष्य 'कॅम्प? नाही येणार' एवढंच बोलायला शिकलेला. पण वर येऊन त्याने शर्मिलाला पाहिलं आणि काही न बोलता माझी प्लॅस्टिकची खुर्ची उचलून आणली. वॉचमन पोपटला हाक मारली. दोघांनी तिला खुर्चीवर बसवून दोन जिने उतरवलं. केस विस्कटलेले, पायात चपला नाहीत. सोसायटीतली दारं उघडली, बायका बघत होत्या. सुंदराबाई मान खाली घालून उतरल्या. कालचीच साडी होती, इस्त्री अजून मोडली नव्हती.

दवाखान्यात शर्मिलाला खुर्चीवर बसवलं तर ती एका बाजूला कलायला लागली. दोनदा सावरली, तिसऱ्यांदा सावरता येईना. तेव्हा सुंदराबाईंनी एक गोष्ट केली जी मी त्यांच्याकडून जन्मात अपेक्षिली नव्हती. त्या चकचकीत फरशीवर भिंतीला टेकून मांडी घालून बसल्या आणि लेकीचं डोकं मांडीवर घेतलं. भरल्या दवाखान्यात, सगळ्यांसमोर.

काउंटरवरची मुलगी लगबगीने आली. "अहो मॅडम, इथे असं झोपता येणार नाही."

"मग कुठे झोपता येईल तशी पाटी लावा," मी म्हटलं, "आम्ही तिथे जाऊ."

आवाज चढले असावेत, कारण केबिनचं दार उघडून डॉक्टर मोघेच बाहेर आले. साठीचे, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं तुटक. "काय चाललंय?"

काउंटरवरची म्हणाली, "सर, या मॅडम काल आल्या होत्या तेव्हा एकदम व्यवस्थित होत्या. स्वतः चालत आल्या, दोन-अडीच तास ताठ बसल्या, मी स्वतः पाहिलंय. आज सर्टिफिकेट पाहिजे म्हणून हे असं..."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोंड उघडणार तोच पाहिलं तर डॉक्टर त्या मुलीकडे बघत होते. "काल व्यवस्थित होत्या? नक्की?"

"एकदम नॉर्मल, सर."

ते खाली बसले, उकिडवे, फरशीवर. शर्मिलाच्या मनगटावर बोटं ठेवली. "काल इथून गेल्यावर काय केलंत?"

"काही नाही," ती म्हणाली. "जिने चढले. चहा घेतला."

"बस? आणखी काही नाही?"

"बस."

ते बराच वेळ नाडी धरून बसून राहिले. मग तिला आत टेबलावर न्यायला लावलं. निजवून तपासलं, आधार देऊन उभं करून तपासलं, उभं राहिल्यावर नाडी कशी सैरभैर धावते ते पाहिलं. खूप प्रश्न विचारले, आणि ती थकली की थांबले. याआधी कुणी थांबलं नव्हतं. सरतेशेवटी त्यांनी चष्मा काढला.

"हे पाहा, हे कशामुळे होतं ते मला माहीत नाही. माहीत आहे म्हणणारे पुष्कळ आहेत. एक म्हणतो विषाणू, एक म्हणतो मन, दोघंही एकमेकांना मूर्ख म्हणतात. औषधही माझ्याकडे नाही. पण मला माहीत नाही म्हणजे तुम्हाला काही नाही, असं नव्हे. कालचं एवढंसं येणं जिला आज असं आडवं करतं, ती बाई आजारी आहे. मी तसं लिहून देतो. जमेल तेवढंच करायचं, आणि बरं वाटतंय त्या दिवशी तर त्याहून कमी. कुणी चालायला लावलं तर त्याला माझ्याकडे पाठवा."

शर्मिलाच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी कानाकडे ओघळत गेलं. पुसायला हात उचलवत नव्हता, ते सुंदराबाईंनी पुसलं. बरं होण्याचं कुणी वचन दिलं नव्हतं, तरी त्या केबिनमध्ये आम्ही तिघी अशा हलक्या झालो होतो की काय सांगू. परतताना रिक्षात सुंदराबाई मध्येच हसायला लागल्या. "बाई गं," म्हणाल्या, "फरशीवर बसली मी! त्याईनं पाह्यलं असतं तं..." आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

त्या सर्टिफिकेटवर शर्मिलाचं घरून काम चालू राहिलं. ती बरी झाली नाही, तेव्हा नाही आणि अजूनही पूर्ण नाही. पण आता ती जपून वागते. बरं वाटलं म्हणून उंडारत नाही. सकाळी थोडा वेळ लॅपटॉप, मग पडदा ओढून विश्रांती, जमलं तर संध्याकाळी माझ्याकडे चहा, न जमलं तर मी तिच्याकडे. पूर्वीसारखं आठवडेच्या आठवडे कोसळणं क्वचित. विळीला विळी म्हणते.

सोसायटीतली तज्ज्ञमंडळी अर्थातच गप्प बसली नाहीत. मधवाले गृहस्थ जिन्यात गाठून म्हणाले, "पण वहिनी, मूळ कारण काय म्हणाले डॉक्टर? कारण कळल्याशिवाय काय उपयोग?" सुंदराबाई पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "आमच्या विहारात एक गोष्ट सांगतात, भाऊ. एका माणसाले बाण लागला. तो म्हणे, कोणी मारला, कोणत्या गावचा, धनुष्य कशाचं, ते सांगा, मगच बाण काढू देईन. तो तसाच मेला. माझ्या पोरीचा बाण नाई निघत अजून. पण कोणी मारला म्हून इचारत तिले बसवून नाई ठेवत मी. कुशीवर निजू देते." गृहस्थ मधाचं विसरले.

त्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेला तायड्यांकडे खीर होती. विहारातल्या बाया आल्या होत्या, अकोल्याची एक चुलत नणंदही होती. मी वाट्या भरत होते. इस्त्रीच्या टेबलावर फुलं ठेवली होती, आणि बाजूला नुकत्याच इस्त्री केलेल्या उशीच्या खोळी. हो, सुंदराबाई आता खोळींना इस्त्री करतात. त्या नणंदबाईंनी बंद दाराकडे बघून सवयीने विचारलं, "शर्मिलाची नाईट शिफ्टच का अजून?"

सुंदराबाई उठल्या, दारापाशी गेल्या आणि दार सताड उघडलं. आत मंद उजेडात शर्मिला स्वच्छ खोळीवर डोकं ठेवून पडली होती. केस विंचरलेले नव्हते, गाऊन चुरगळलेला होता. ती आमच्याकडे बघून हसली.

"नाई," सुंदराबाई म्हणाल्या, आणि आवाज जराही खाली आणला नाही. "आजारी आहे माझी पोरगी. तिले उठवत नाई. तुम्हीच आत या, खीर घेऊन तिच्यापाशी बसा."